आत्याने दिलेले सहा

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. ग्राहकाने तुम्हाला दहापैकी सहा गुण दिले आहेत.

शनिवारी त्याने एकच मशीन दुरुस्त केलं होतं. ते त्याच्या सख्ख्या आत्याचं होतं.

हा सर्व्हे मुळात बाजाराचा अंदाज घेण्यासाठी होता. लोकांना कोणतं मशीन आवडतं, पुढचं कधी घेणार, वगैरे. मग मुख्य कार्यालयात कोणाला तरी वाटलं, ग्राहक बोलतोच आहे तर त्यातच मेकॅनिकचंही माप काढून घ्यावं. शेवटी एक प्रश्न वाढला, वागणुकीचा, आणि मेकॅनिकच्या नावावर तेवढाच धरला जाऊ लागला. नऊ-दहा म्हणजे ग्राहक खूश. सात-आठ म्हणजे जमेत नाही. सहा आणि खाली म्हणजे नाराज. कंत्राटावरच्या लोकांना कायम करण्याची यादी शुक्रवारी लागणार होती आणि ज्याच्या नावावर एक जरी नाराज ग्राहक असेल, त्याचं नाव तिच्यात येणार नव्हतं. मेकॅनिकच्या नावावर सोमवारपर्यंत कोणी नव्हतं.

तो तडक आत्याकडे गेला. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"मशीन चालतंय ना?"

"झकास. चालू आहे की बंद, तेही कळत नाही."

"मग सहा का दिलेस?"

"कामाला दहा दिलेत. सहा वागणुकीला."

"मी काय वाईट वागलो?"

आत्याने हातातली चादर झटकली. "दारात उभा राहून म्हणालास, नमस्कार मॅडम, मी आत येऊ शकतो का. ढब्या, तुला मी न्हाऊमाखू घातलंय. समोर शेजारीण बसलेली. तिला सकाळपासून सांगत होते, माझा भाचा येतोय, माझा भाचा येतोय."

"काम चालू असतं तोवर फोनमध्ये सगळं रेकॉर्ड होतं. मॅडम म्हटलं नाही तर गुण कापतात. मी फोनकडे बोट दाखवत होतो की तुला."

"मला वाटलं चार्जर हवाय. दिला ना आणून?"

"दिलास."

"त्यावर काय म्हणालास? आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे. शेजारीण अजून हसतेय."

त्याने तिच्या फोनवर सर्व्हे पुन्हा उघडून पाहिला. पडद्यावर एकच ओळ होती, आपला अभिप्राय मिळाला आहे. खाली दाबायला काहीही नव्हतं.

दुपारी तो सेवा केंद्राच्या मॅनेजर बाईंसमोर उभा राहिला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, कपाळ चोळलं.

"आत्या आहे म्हणून सहा?"

"हो."

"आत्या नसती तर?"

"दहा दिले असते."

"हे मी वर कसं लिहू? सिस्टीमला आत्याबित्या कळत नाही." मग त्यांनी मार्ग सांगितला. ग्राहकाने स्वतः फेरतपासणी मागायची. मुख्य कार्यालयातून फोन येईल, तेव्हा नवे गुण सांगायचे. "आणि त्यांना म्हणावं, जास्त बोलू नका."

आत्याने फेरतपासणी मागितली. फोन बुधवारी दुपारी आला. मेकॅनिक जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडेच येऊन बसला होता. आत्याने स्पीकर लावला. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"मॅडम, आमच्या मेकॅनिकने आपल्याशी आदराने संभाषण केलं का?" पलीकडे एक मुलगी होती.

"फार आदराने. तीच तर पंचाईत झाली."

"म्हणजे हो धरू?"

"कमी केला असता तरी चाललं असतं, असं धर."

"तसा पर्याय नाहीये, मॅडम."

"तूही मला मॅडमच म्हणतेस. तुझेही गुण कापतात का गं?"

पलीकडचा आवाज खाली आला. "हो, मॅडम."

आत्या विरघळली. "मग असं कर. ह्याला दहा लिही. तुझे कुठे लिहायचे असतील तर तुलाही दहा."

मेकॅनिकने भिंतीला पाठ टेकली.

"धन्यवाद, मॅडम. शेवटचा प्रश्न. आपण हे गुण कोणाच्या सांगण्यावरून बदलत आहात का?"

मेकॅनिक जोरजोरात मान हलवू लागला.

"हा बघ, इथेच बसलाय," आत्या म्हणाली. "नाही नाही म्हणून मान हलवतोय. देऊ का फोन?"

मुलीने त्याला फोनवर बोलावलं नाही. आपला दिवस शुभ जावो म्हणाली आणि ठेवून दिला.

"काय झालं?" आत्याने विचारलं. "दहा दिले की."

गुरुवारी मॅनेजर बाईंनी त्याला बोलावून संगणकाचा पडदा दाखवला. गुण दहा झाले होते. नाराज ग्राहक शून्य. खाली नवी नोंद होती, ग्राहकावर दबाव, चौकशी सुरू.

"हे नाराजपेक्षा बरं की वाईट?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही. असं आजवर कोणाचं झालेलं नाही."

हे ऐकून आत्याने स्वतः केंद्रात फोन केला. घरात दबाव मी टाकते, माझ्यावर टाकणारा अजून जन्मायचाय, असं तिने बाईंना सांगितलं. बाईंनी ते शब्द जसेच्या तसे वर पाठवले. मुख्य कार्यालयाने पोच दिली आणि बुधवारच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग ऐकत असल्याचं कळवलं. कोण ऐकतंय, हे कळवलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता केंद्राचं शटर अर्धं खाली आलं, तोपर्यंत यादी लागलेली नव्हती.