हजेरीचं वचन

आमच्या चर्चच्या महिला मंडळात हजेरीला बायबलमधलं एक वचन तोंडपाठ म्हणावं लागे. नाही आलं तर गैरहजर, आणि तीनदा गैरहजर झालं की नाव कमी.

त्या गुरुवारी राहेलबाई उशिरा आल्या. लुगड्याचा पदर ओलाच होता. वचन न येण्याची ही त्यांची तिसरी वेळ.

"काहून वं राहेलबाई, आजबी वचन नाही?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"पाठ करून राहिली होती बाई, पण करुणाले ओकारी झाली. तिचं धुणंपुसणं करता करता राहूनच गेलं."

"करुणासाठी आम्ही सगळ्या प्रार्थना करतोच ना!"

कोणीतरी हसलं. बाईंनी वहीतल्या नावावर काट मारली.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आमच्याच मंडळातल्या करुणाला क्षय झाल्यापासून चार महिने प्रार्थना चालली होती, पण राहेलबाईंशिवाय एकही बाई तिच्या उंबरठ्याच्या आत गेली नव्हती. मीही नाही. लेकराचं निमित्त होतं ना माझ्याजवळ!

पुढचं नाव माझंच होतं. वचन पाठ होतं, पण जीभ उचलेना.

"माह्यंबी नाव काटा," मी म्हटलं.

"येडी झाली का वं?"

मांडीवर निजलेल्या लेकीला मी अलगद उचललं आणि बाईंच्याच मांडीवर ठेवलं.

"करुणाकडं जाऊन येतो. तोवर हिले सांभाळा. रडली तर थोपटा, वचन ऐकून निजत नाही ते."

राहेलबाई दाराशी चपला शोधत होत्या.