नळ्यांवरची नावं

लेव्केचा जीव नुसता खालीवर होत होता. जिना उतरता उतरता ती मध्येच थबकली. खिडकीजवळच्या आजींचं रक्त आपण नक्की कुठल्या नळीत घेतलं, आणि दाराजवळच्या आजींचं कुठल्या? दोघी एकाच खोलीत, दोघींची ऑपरेशनं आज दुपारी, आणि नळ्या तर रक्तगट तपासायला लॅबमध्ये पोचल्याही!

लेबल लावायचं ते रुग्णाच्या उशाशीच, हा जर्मनीतल्या कील शहरातल्या त्या इस्पितळाचा सक्त नियम. पण सिस्टर ट्राउटे लेव्केसाठी सकाळीच नळ्यांना लेबलं चिकटवून ट्रे तयार ठेवायची. बाकीच्या शिकाऊ डॉक्टरांना ती हिंग लावून विचारत नसे. "हात हलका आहे गं तुझा, पण चाल गोगलगायीची! घे, आयतं ताट वाढलंय." सिस्टरांच्या न्याहारीलाही आता लेव्केला बोलावणं असायचं. त्या बाईच्या मायेचं तिला केवढं अप्रूप!

आता लॅबवाले विचारणारच, लेबलं कुणी लावली? ट्राउटे तर निवृत्तीला टेकलेली. नळ्या बरोबर असल्या तर उगाच तिचा बळी जायचा. आणि नसल्या तर? एखाद्या आजीच्या अंगात भलतंच रक्त जाईल. मेलं मन काही एका जागी बसेना.

ती उलट पावली वर धावली. "सिस्टर, मी लॅबला फोन करतेय. नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

ट्राउटेच्या हातातली औषधं तशीच राहिली. "नावं वाचली नाहीस?"

"नाही हो. तुम्ही लावली होती, म्हणून..."

"वा! म्हणजे खापर माझ्या डोक्यावर!"

"चूक माझीच. पण कुणी विचारलं तर मी खोटं नाही बोलणार."

"कर बाई, कर फोन," म्हणून ट्राउटेने पाठ फिरवली.

दोघींचं रक्त पुन्हा काढलं. "परत टोचतेस? सकाळी पोट भरलं नाही का तुझं?" खिडकीजवळच्या आजी करवादल्या. या वेळी लेव्केने नाव विचारलं, वाचलं आणि मगच लेबल लावलं. लॅबचा फोन आला. सकाळच्या नळ्यांची खरंच अदलाबदल झाली होती. लेबलं कुणी लावली, असं त्यांनी विचारलंच, आणि लेव्केने खरं ते सांगितलं.

ट्राउटे मुख्य सिस्टरांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. लेव्के पुढे झाली.

"थांब तिथंच," ट्राउटे म्हणाली. "तू केलंस ते बरोबर केलंस. आणि मला आज तुझं तोंडसुद्धा बघायचं नाहीये. दोन्ही खरं आहे, पोरी."