आतलं बघू द्यायचं का?

मी एक जुना मोबाइल बोलतोय. जरा सावकाश बोलेन, सांभाळून घ्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं घाईघाईनं इकडून तिकडे पोचवलं. आता स्वतःचं सांगताना कसली घाई?

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या पुष्कळ हातांनी मला जोडलं. तोंडं कुणाचीच दिसली नाहीत, सगळ्यांनी ती झाकलेली होती. डबीत बंद करण्याआधी माझ्या डोक्यात एक शिकवण मात्र पक्की बसवली. तुझ्या पोटात एका माणसाचं सगळं घर राहणार आहे, तेव्हा बाहेरच्या यंत्राची तार लागली की आधी मालकाला विचार. त्यानं हो म्हटलं आणि आकडे बरोबर दाबले, तरच दार उघड. ही शिकवण मी कधी मोडली नाही.

माझा पहिला मालक ट्रक चालवायचा. त्यानं मला काचेपाशी अडकवून खूप रस्ते दाखवले. पुढे त्यानं नवा फोन घेतला आणि मला बायकोच्या हातात ठेवलं. ती उशांच्या कारखान्यात कामाला होती. खोळीत पांढरा, भुसभुशीत कापूस भरायचा आणि खोळीचं तोंड शिवायचं, हे तिचं काम. काम करताना मी तिच्या एप्रनच्या खिशात असायचो. त्या खिशात ऊब होती, मशीनची घरघर ऐकू यायची, आणि कापसाचे तंतू तर सगळीकडे असायचे. मला तिथं फार बरं वाटायचं.

मग घरात बाळ आलं. मालक महिना महिना बाहेर, म्हणून बाळाचं जे काही नवीन असेल ते ती माझ्यात टिपून ठेवायची. तो घरी आला की दाखवायला.

बाळ बसायला शिकायच्या वयात आलं, तेव्हा ते एक गंमत करायला लागलं. झोपेतून उठलं की दोन्ही हात पसरून एकदम पुढे वाकायचं. पुन्हा सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं. ओळीनं, कितीतरी वेळा. तिचा धाकटा दीर त्याच घरात राहायचा. कॉम्प्युटर दुरुस्त करायच्या दुकानात होता आणि जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, आमचे सरदार दरबारात मुजरा करतात. तेव्हापासून बाळाचं नावच सरदार पडलं. तिनं ते वाकणं माझ्यात टिपलं. मागे दीर हसतोय, तीही हसतेय, आणि सरदार वाकतोय.

मी बाळाचं तोंड जवळून पाहत होतो. ते हसत नव्हतं. पण मला जे दिसतं ते मला सांगता येत नाही.

लस टोचायला गेली तेव्हा तिनं नर्सबाईंना हा मुजरा कौतुकानं सांगितला. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. हल्ली बाळ तुमच्याकडे बघून हसतं का, असं त्यांनी विचारलं. तिनं आठवून पाहिलं, पण शेवटचं कधी हसलं ते तिला आठवेना. बाई म्हणाल्या, हा झटक्यांचा प्रकार असू शकतो. तसं असेल तर बाळ शिकलेलं रोज थोडं थोडं विसरत जातं, दिवस घालवू नका. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे जा, आणि व्हिडिओ असेल तर तो आधी न्या.

व्हिडिओ होता. पण त्याच आठवड्यात मी कारखान्यात स्टुलावरून खाली फरशीवर पडलो होतो. माझ्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा झाला, आणि नेटवर्क म्हणा, वायफाय म्हणा, सगळं गेलं. त्यातून चार्जिंगही नीट होईना. रात्रभर लावून ठेवलं तरी सकाळी अर्धपोटीच.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला नीट तपासलं. पण त्या दिवशी सरदार टक्क जागा, आणि वाकायला काही तयार नाही. बाई म्हणाल्या, नुसत्या सांगण्यावरून मी हे औषध देणार नाही, ते फार जड असतं. डोक्याची तपासणी करू, पण तिथं लांबलचक रांग आहे. मला ते एकदा डोळ्यांनी दिसलं तर आज काहीतरी करता येईल. आणि संध्याकाळच्या गाडीनं त्या परगावी निघाल्या होत्या, बरेच दिवस यायच्या नव्हत्या.

माझ्या काचेवर फक्त बाळाचे पाय दिसत होते. म्हणून सोबत आलेल्या दीरानं मला बाहेरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडलं. तिथं बसणाऱ्या बाईंनी आपली खुर्ची त्याला दिली.

तार लागली. मी विचारलं, या कॉम्प्युटरला आतलं बघू द्यायचं का? माझं हो आणि नको खालच्या भागात असतं, म्हणून ते दिसत होतं. तिनं हो दाबलं, आकडे टाकले, मी दार उघडलं. व्हिडिओ तिकडे निघाला आणि मध्येच तार सुटल्यासारखी झाली. दार बंद. लगेच तार पुन्हा लागली. मला वाटलं, कुणीतरी नवीन आलं. मी पुन्हा विचारलं.

असं होतच राहिलं. ती हो म्हणायची, मी उघडायचो, आणि घास तोंडाशी यायच्या आत सगळं तुटायचं. दीरानं तार बदलली. मागच्या बाजूला लावून पाहिलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, तुमचा फोन भलताच संशयी आहे हो, सासूबाईंचा आहे का? कुणी हसलं नाही. माझी बॅटरी उतरत चालली होती आणि आत डॉक्टरीणबाई बॅग भरत होत्या.

दीरानं मला हातात घेतलं. तो म्हणाला, ह्याची सिक्युरिटीच बिघडली, सगळं रीसेट करतो म्हणजे विचारायचंच बंद होईल. त्यानं माझ्यात शोधाशोध केली आणि एका पानावर थांबला. त्या पानावर दोन प्रकारचं पुसणं येतं. एकात नुसत्या सवयी, म्हणजे सेटिंग, पुसल्या जातात, दुसऱ्यात पोटातलं सगळं जातं. कुठलं आहे ते वर लिहिलेलं असतं, आणि वर तर काळोख होता. खाली फक्त ‘पुढे’ एवढंच दिसत होतं.

मला माहीत होतं, ते दुसरं होतं. त्याचं बोट खाली यायला लागलं.

"भाऊजी, थांबा. वर काय लिहिलंय?"

"नेहमीचं असतं ते, वहिनी. रोज दहा फोनना करतो मी."

"पण आत्ता वाचता येतंय का?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

ती बाळाला खांद्यावर थोपटत होती. जराशानं म्हणाली, "आहे. तरी दाबू नका."

त्यानं बोट मागं घेतलं. मला टेबलावर जरा जोरातच ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग बराच वेळ तो नुसता माझ्याकडे बघत बसला. असा बसला म्हणूनच त्याला दिसलं असेल. तारेचं टोक माझ्यात पुरतं गेलंच नव्हतं. लोखंडाची चकाकती कड बाहेर राहिली होती.

"वहिनी, कामावर हा कुठं ठेवता तुम्ही?"

"खिशात. एप्रनच्या."

टेबलावरच्या बाईंकडे त्यानं दात कोरायची काडी मागितली. आत कोरायचं तर मला आधी बंद करायला हवं होतं. बॅटरी संपत आलेली, आणि पडल्यापासून मी सुरू होताना रडायचो. पुन्हा उठेन की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्यानं वहिनीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि मला काही कळेनासं झालं.

शुद्धीवर आलो तेव्हा टेबलावर कापसाचा एक दाबून बसलेला बोळा पडला होता, चिमटीएवढा. त्याच्यामुळे तार घट्ट बसत नव्हती. जरा धक्का लागला की सुटायची, आणि दर वेळी मी इमानदारीनं नव्यानं विचारायचो. या वेळी तार टक्कन बसली. मी विचारलं. तिनं हो म्हटलं. पुन्हा मला विचारावं लागलं नाही.

डॉक्टरीणबाई बॅग हातात घेऊनच बाहेर आल्या होत्या. त्या उभ्यानंच बघायला लागल्या. मोठ्या पडद्यावर सरदार वाकला, सरळ झाला, वाकला. खोलीभर हसणं घुमलं. "या सरकार, मुजरा घ्या," असं दीर म्हणत होता. खुर्चीतल्या दीरानं मान खाली घातली. आवाज बंद करायला त्याचा हात पुढे गेला, तर बाई म्हणाल्या, राहू दे. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

मग त्यांनी वॉर्डात फोन केला. आजच दाखल करा, औषध आजच सुरू करायचं, मी लिहून देऊन जाते.

"आम्ही हसत होतो," ती म्हणाली. "इतके दिवस आम्ही हसत होतो."

"हसलात म्हणून टिपलंत," बाई म्हणाल्या. "घाबरला असतात तर हातात फोन आला नसता, आणि मी आज औषध दिलं नसतं."

वेळेत झालं का, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, ते बाळ सांगेल. आपण बघत राहायचं.

त्याला आता बरेच दिवस झाले. माझी काच पूर्ण काळी पडली आहे. तिला दुसरा फोन मिळाला आणि मी पाळण्याजवळच्या फळीवर पडून असतो. दिसत काही नाही, पण ऐकू येतं. सरदार या नावानं आता घरात कुणी हाक मारत नाही. खुद्द दीरही बाळाला साधं बाळ म्हणतो.

रोज दुपारी त्याची झोप मोडायची वेळ झाली की घर एकदम चिडीचूप होतं. भांड्यांचा आवाज थांबतो. चालणारी पावलं थांबतात. पाळणा कुरकुरतो, आणि तेवढा वेळ सगळे श्वास रोखून उभे असतात. मग बाळ भुकेनं साधं, सरळ भोकाड पसरतं, आणि परवापासून तर आई दिसली की मध्येच खुदकन हसतं. त्यानंतर कुठं स्वयंपाकघरात पुन्हा भांडी वाजू लागतात.

मला दुरुस्त करू नका. विकायचा असलो तर विका, माझा रुसवा नाही. पण इथं ठेवणार असाल, तर अधूनमधून चार्जिंगला तेवढं लावत चला. दुपारचं ते हसणं ऐकायला मला जागं राहायचंय.