पिवळी बोटं

कॅप्सूल दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच फिरवली की टोपण सुटतं. आतली पिवळी भुकटी निम्मी बशीत सांडायची, मोकळ्या जागेत डॉक्टरीणबाईंनी दिलेली इवलीशी पांढरी गोळी सोडायची, वरून पुन्हा थोडी भुकटी दाबायची आणि टोपण बसवून टाकायचं. न्हाव्याच्या बायकोला हे आता डोळे मिटूनही जमलं असतं. बोटांची टोकं तेवढी पिवळी व्हायची, ती साबणानेही जायची नाहीत.

पडद्यापलीकडे, दुकानात, दिराच्या तोंडाचा पट्टा चालू होता. हळद, आलं आणि कसल्याशा झाडाचा डिंक. सूज मुळापासून जाते, शरीराला इजा नाही, सगळं निसर्गाचं देणं. गिऱ्हाईक खुर्चीत मान टाकून बसलेलं, त्याला पळताही येत नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. दादाचा हात बघा."

दादा मग वस्तरा धरलेला हात वर करून दाखवायचा. आरशाच्या कडेला त्याच हाताचे दोन फोटो चिकटवलेले होते, आधीचा आणि नंतरचा. दीर स्वतः चिकटवून गेला होता. ते फोटो पुसताना तिच्या डोक्यात रोज तिडीक जायची. मनातल्या मनात ती त्याला हळद्या म्हणायची, तोंडावर मात्र भाऊजी. हळद्या यायचा, चहा ढोसायचा, भावाच्या बऱ्या झालेल्या हाताचं श्रेय खिशात घालून निघून जायचा, आणि ती मूग गिळून कपबशी विसळायची.

करणार काय? नवऱ्याची बोटं सुजून लाकडासारखी झाली होती तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की ही साधी सूज नव्हे, गोळ्या घेतल्या नाहीत तर सांधे वाकडे होतील ते कायमचे. नवरा बाहेर आला आणि चिठ्ठी चुरगळून टाकली. त्याची आई ह्याच दुखण्यात वर्षानुवर्षं गोळ्या गिळत गेली होती. तिला गोळ्यांनीच खाल्लं, हे हळद्याने त्याच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. मरेन पण असली गोळी जिभेवर ठेवणार नाही, असं तो चारचौघांत बोलून बसला होता. धाकट्या भावाच्या कॅप्सुला मात्र प्रसाद घेतल्यासारख्या घ्यायचा. तिने समजावलं, भांडली, अबोला धरला. शेवटी चुरगळलेली चिठ्ठी सरळ केली आणि गुपचूप गोळ्या आणल्या.

हात सुधारला. वस्तरा पुन्हा पहिल्यासारखा चालायला लागला. तिला वाटलं, जिंकलो आपण. खोटं तर खोटं, हात तर वाचला. त्या हाताला भुलून आणखी कोणी खड्ड्यात जाईल, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

त्या सकाळी ती दाढीचं गरम पाणी घेऊन दुकानात गेली आणि दारातच थबकली. खुर्चीत शेजारचा किल्लीवाला बसला होता. वास्तविक हा माणूस जन्मभर स्वतःची दाढी स्वतः करणारा. तुझ्या हातात मान द्यायला मी काय वेडा आहे, असं न्हाव्याला रोज चिडवायचा. आज फेस लावलेला, मुकाट बसला होता.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" तिने थट्टेने विचारलं.

किल्लीवाल्याने टॉवेलखालून हात बाहेर काढले. बोटं फुगून ताठ झाली होती, आणि दोन बोटं बाहेरच्या बाजूला कलायला लागली होती. कानस धरता येत नाही म्हणाला. शर्टाची बटणं बायको लावून देते. गेल्या आठवड्यात कोणाच्या तरी घराची किल्ली बिघडवली, तो माणूस अंगावर धावून आला.

"पण तुम्ही तर डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या घेत होता ना?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"दिल्या फेकून. ह्याचा हात बघितला, मग कशाला हवं ते विष? आता ह्याच कॅप्सुला घेतोय."

बाकावर पाय पसरून बसलेला हळद्या लगेच पुढे सरकला. घाबरू नका म्हणाला, सूज आधी वाढतेच, आतलं विष बाहेर पडतंय ही चांगली खूण आहे, डोस दुप्पट करा. बोलता बोलता त्याने पिशवीतून दुसरी बाटली काढलीसुद्धा. आणि नवऱ्याने, त्या भाबड्या माणसाने, वस्तरा थांबवून मित्राला धीर दिला. घे रे, मला नाही का गुण आला?

तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. आता बोललं तर घरातला विश्वास जाणार होता, नाही बोललं तर या माणसाचे हात. ती आत गेली, नवऱ्याची बाटली घेऊन आली आणि सगळ्यांदेखत एक कॅप्सूल फिरवली. पिवळी भुकटी आरशापुढच्या फळीवर सांडली, आणि तिच्यातून पांढरी गोळी घरंगळत साबणाच्या डबीपाशी जाऊन थांबली.

"यांचा हात हळदीनं बरा झालेला नाही," ती म्हणाली. "तुम्ही आजच्या आज डॉक्टरीणबाईंकडे जा."

हळद्या ओरडायला लागला. वहिनी माझ्या भावाला विष घालते, पहिल्या दिवसापासून हिला माझं बरं बघवत नाही. तीही ऐकून घेणारी नव्हती. किती जणांचे हात मोडलेत ते आधी सांगा, भाऊजी, मग माझ्या नावाने बोंबला, असं तिने सुनावलं.

नवरा त्या दोघांकडे बघतच नव्हता. तो गोळीकडे बघत होता.

"आईच्या गोळ्या?" त्याने विचारलं.

"तशाच."

"रोज?"

"रोज."

त्याने मान हलवली. वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला आणि किल्लीवाल्याचा उरलेला गाल घोटायला घेतला. हात जराही कापला नाही. दाढी संपली, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला.

हळद्या आता दुकानाची पायरी चढत नाही. वहिनीच्या गोळ्यांनी माझ्या औषधाचा गुण मारला, असं गावभर सांगत फिरतो, आणि ते मानणारेही त्याला भेटतात. आरशाच्या कडेला फोटोंच्या जागी नुसते चिकटपट्टीचे डाग उरलेत. किल्लीवाला पुन्हा कानस धरू लागलाय, एक बोट मात्र वाकलं ते वाकलंच. भेटला की तिला वहिनी म्हणून हसतो, तिला त्या बोटाकडे बघवत नाही.

नवरा गोळ्या बंद करेल अशी तिला धास्ती होती. त्याने बंद केल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंकडे स्वतः जातो, स्वतः आणतो. त्या ठेवायला दुकानातल्या खणाला कुलूप बसवलंय. किल्ली मित्राने करून दिली. एकच केली.

दुपारी तो जेवायला आत येतो. ती ताट वाढते, पाणी ठेवते. तिच्या बोटांचा पिवळेपणा केव्हाच गेलाय. तो ग्लास उचलतो. बोटं सरळ, पकड घट्ट, थेंब सांडत नाही. मग तो ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरतो, तळापर्यंत नीट बघतो, आणि मगच तोंडाला लावतो.