साहेबांच्याच शब्दांत

"साहेबांचं कडू बोलणं गोड करून लिहू नकोस गं. गोडवा त्यांच्या नावावर जमा होईल आणि कडवटपणा तुझ्या," आधीच्या ताईंनी खुर्ची सोडताना बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. व्यवस्थापनाचा निरोप कामगारांपर्यंत पोचवायचा, हेच तर तिचं काम. साहेब गाडीतून फोनवर तडातडा बोलून पाठवायचे, ती त्या बोलण्याला माणसांत आणायची, साहेब न वाचताच 'ओके' करायचे आणि खाली तिचं नाव लागून ते सगळ्यांच्या मोबाइलवर जायचं.

ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा शिव्या तिने खाल्ल्या. त्याच आठवड्यात साहेबांनी भर मीटिंगमध्ये तिचं खातं साफसफाईच्या खात्याला जोडून टाकलं. म्हणाले, हिचं कसलं आलंय खातं, टायपिंग तर करते. सगळे हसले. तीही हसली, आणि ते स्वतःचं हसणं काही तिला पचलं नाही.

मग कंपनीच्या पाळणाघराची पाळी आली. तिची लेक तिथेच, तळमजल्यावर.

"पाळणाघर बंद," फोनवर साहेबांचा आवाज. "पोरं सांभाळायची असतील तर घरी बसा म्हणावं बायकांना. कंपनी आहे, धर्मशाळा नाही. नीट करून टाक."

साहेब ऑफिसात पोचल्यावर ती त्यांच्या केबिनमध्ये गेली. "फक्त टायपिंगच करू ना, साहेब? माझ्या पदरचं काही घालत नाही."

"तेच तर सांगतोय कधीपासून," साहेब मान वर न करता म्हणाले.

तिने शब्दन् शब्द तसाच उतरवला, खाली साहेबांचं नाव घातलं आणि साहेबांकडे पाठवलं. लगेच 'ओके' आलं, आणि ते सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं.

जेवणाच्या सुट्टीआधीच यंत्रं थांबली. पॅकिंगच्या बायका पोरं कडेवर घेऊन केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. मालकांचा फोन आला. साहेबांचा चेहरा पांढराफटक.

"काहीतरी लिही गं. सावरून घे."

"मला टायपिंगच येतं, साहेब. तुम्ही सांगा, मी घेते."

साहेबांना एक वाक्य सुचेना. ती कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत बसली. इतकं शांत तिला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच वाटत होतं.

पाळणाघर राहिलं. तिला मात्र नारळ मिळाला. लेक आता सासूबाईंकडे असते. पश्चात्ताप तीळभरही नाही. रुखरुख एवढीच की तिच्या खुर्चीत नवी मुलगी आली आहे, फार गोड लिहिते म्हणे, आणि हिचा फोन काही उचलत नाही. तुमच्याही कंपनीत असं लिहिणारी कुणी असेलच. जरा तिच्या टेबलापाशी जाऊन बघाल का, खाली नाव कुणाचं घालतेय ती?