पात्याखालचा पत्रा

मित्रांनो, मेहकरातल्या एका घराच्या पडवीत आरशाखाली एक फळी आहे. त्या फळीवरच्या डबीत जो काळवंडलेला सेफ्टी रेझर पडून असतो, तो मी. माझी चकाकी कधीच उडाली आणि दांडीच्या खाचांत जुना साबण घट्ट बसला आहे. आता मला कुणी उचलत नाही, त्यामुळे बोलायला सवड भरपूर मिळते.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पितळेचं अंग, त्यावर निकेलचा मुलामा, असा नटूनथटून मी मुंबईला उतरलो आणि आगगाडीने खामगावच्या एका दुकानात पोचलो. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चालायचा. मेहकरच्या तहसील कचेरीतला तरुण कारकून नीळकंठ काही कामासाठी खामगावला आला होता. त्याने मला काचेआड पाहिलं आणि तो माझ्यावर लट्टूच झाला. मोटारीच्या धुळीतून मी त्याच्या खिशात बसून मेहकरला आलो.

माझी रचना अगदी सोपी आहे. वर टोपी, मध्ये पातं, खाली दातेरी पट्टी आणि मग दांडी. ते दाते कातडीला मागे दाबून धरतात, त्यामुळे पात्याची धार केसांपुरतीच बाहेर डोकावते. माझ्या नावातली सगळी सेफ्टी त्या बारीकशा फटीत असते. मला तिचा भारी अभिमान होता.

माझ्यावर नीळकंठापेक्षा जास्त जीव जडला तो त्याच्या वडिलांचा. नारायणराव शाळामास्तर होते आणि नुकतेच घरी बसले होते. त्यांचा उजवा हात जरासा कापायचा. साधा वस्तरा त्यांना झेपेनासा झाला होता आणि दुसऱ्यापुढे गाल धरून बसणं त्यांच्या जिवावर यायचं. मी आलो आणि त्यांची दाढी पुन्हा त्यांच्याच हातात आली. येईल त्याला ते मला दाखवायचे आणि म्हणायचे, "डोये मिटून फिरवा, कापायचं नाव नाही." ते ऐकलं की मी आणखीच चमकायचो.

नीळकंठाचं दुखणं वेगळं होतं. गावच्या हौशी नाटकमंडळीत तो नायिकेचं काम करायचा. आवाज गोड, चालणं नाजूक, पण दाढी मात्र दाट आणि काळी. कितीही सफेदा फासला तरी गॅसबत्तीच्या उजेडात हनुवटी हिरवट दिसायची. मागच्या वर्षी ऐन रडण्याच्या प्रवेशात पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं होतं, की बाई न्हाव्याकडून उठून आल्या काय. सारा मंडप हसला आणि ते हसू त्याच्या मनात सलत राहिलं. यंदाच्या कोजागिरीला गाल लोण्यासारखा दिसलाच पाहिजे, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

मग पितृपक्ष लागल्यावर त्याने आधी करून पाहावं म्हणून मला उघडलं. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कापला, त्याला भोकं पाडली आणि तो पात्याखाली बसवून मला पुन्हा आवळलं. पातं वर उचललं गेलं आणि धार दात्यांच्या पुढे आली. मला ते जाणवत होतं. माझे दाते आता कातडीला आवरून धरू शकत नव्हते, पण सांगायला मला तोंड कुठे होतं? दाढी मात्र अशी गुळगुळीत झाली की नीळकंठ आरशापुढून हलेना. कानाखाली दोन ठिकाणी रक्त आलं, तिथे त्याने तुरटी फिरवली आणि विषय मिटवला.

घरात त्याने हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच त्याला वाटली नाही. नारायणराव पितृपक्षात आणि नवरात्रात दाढीला हात लावत नसत. त्यांची दाढी थेट दसऱ्याला उतरायची. तोवर मी एकट्या नीळकंठाचाच होतो. खंडेनवमीला पत्रा काढून ठेवू आणि कोजागिरीला पुन्हा घालू, असं त्याने ठरवून टाकलं.

पण खंडेनवमी म्हणजे हत्यारांच्या पूजेचा दिवस. नीळकंठाची बायको प्रेमला पहाटेच उठली. तिने विळी, अडकित्ता, कोयता घासूनपुसून पाटावर मांडले आणि त्यांच्यात मलाही बसवलं. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. नीळकंठ अंघोळ करून आला, तेव्हा माझी पूजा आटोपली होती. पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं. सकाळी काढू, असं म्हणून त्याने हात जोडले आणि तो निघून गेला.

दसऱ्याच्या सकाळी त्याच्या आधी नारायणराव उठले. मला नमस्कार केला, कुंकू पुसलं आणि पडवीत आरशापुढे बसले. दाढी चांगलीच वाढली होती, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा जोर दिला. जबड्याखाली मी खोल शिरलो. मला थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो.

तुरटीने रक्त थांबेना. दुसऱ्या दिवशी जबडा सुजला आणि सणसणून ताप भरला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. सूज डोळ्यांपर्यंत चढली तर आपल्या हातात काही राहणार नाही, असं ते पडवीत हळूच म्हणाले. सोनं द्यायला आलेली माणसं खाटेशी पानं ठेवून पाय न वाजवता परत जात होती. नीळकंठाने त्याआधीच माझ्यातला पत्रा काढून परसात पुरला होता.

देवाची कृपा, ताप उतरणीला लागला. कोजागिरीला नीळकंठ नाटकात उभा राहिला. मला त्याने त्या दिवशी हातही लावला नव्हता. हनुवटी हिरवी होती, पण कुणी हसलं नाही. नायिका रडली तेव्हा समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले, असं लोक दुसऱ्या दिवशी घरी येऊन सांगत होते. नीळकंठ ते ऐकत होता, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

नारायणराव बरे झाले, तरी पहिल्यासारखे राहिले नाहीत. त्यांनी अडकित्ता सोडला. चहाची कपबशी ते दोन्ही हातांनी धरू लागले आणि माझ्याकडे तर बघेचनात. एके दिवशी प्रेमला आपल्या तान्ह्या लेकीला, रुख्मिणीला, त्यांच्या मांडीवर द्यायला गेली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतले.

"माह्या हाताचा भरवसा नाही आता, सूनबाई. पोरीले माह्याजवळ नको देऊ."

नीळकंठ कचेरीला निघाला होता. तो उंबऱ्यातच थबकला, मागे फिरला आणि वडिलांच्या पायाशी बसला.

"बाबा, तुमचा हात नाही चुकला. त्या रेझरमधी मी पत्रा घातला होता. धार बाहेर काढली होती. तुम्हाले सांगितलं नाही."

नारायणरावांनी विचारलं, "म्हणजे मी माह्या हाताले भेऊन राह्यलो होतो, अन् तू ते पाहून राह्यला होता?"

नीळकंठाने मान खाली घातली आणि हो म्हटलं.

"पोरीले आण इकडं," ते प्रेमलाला म्हणाले.

रुख्मिणी त्यांच्या मांडीवर आली. हात नेहमीसारखाच थोडा कापत होता, आणि पोर त्यात मजेत खेळत होती.

मित्रांनो, वस्तूला हात लावू नका असं मी म्हणणार नाही. माणसाने हात लावला नसता तर मीही जन्माला आलो नसतो. पण जिच्यावर घरातली माणसं डोळे मिटून विसंबतात, अशी वस्तू बदललीत तर आधी घरात सांगा. आणि सांगायचं राहून गेलंच, तर माणूस स्वतःला दोष देऊ लागण्यापूर्वी तरी सांगा.

नारायणराव त्यानंतर पुन्हा माझ्यानेच दाढी करू लागले. नीळकंठावर ते कधी रागावले नाहीत. फक्त रोज सकाळी साबण लावण्याआधी ते माझी टोपी काढायचे, पातं उचलायचे आणि त्याखाली बोट फिरवून पाहायचे. नीळकंठ समोरच बसलेला असायचा. ती सवय त्यांची शेवटपर्यंत सुटली नाही.