एकच बारीक ओळ

पाणीतपासणीच्या अहवालासाठी नवं सॉफ्टवेअर आलं. त्यात परिच्छेदातला हवा तेवढाच मजकूर जाड करता येत होता, आणि तिथूनच ऑपरेटर वैशालीचे हाल सुरू झाले. तिला एकच ओळ जाड करायची होती: 'पाणी उकळूनच प्या.' अहवाल बोरगावच्या विहिरीचा होता, आणि तिचंच पाणी वैशालीची आई पीत होती.

पण गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष गजेंद्रभाऊ तिच्या खुर्चीमागे उभे. आधी त्यांचं नाव जाड झालं, मग सदस्यांची, मग पदं, शेवटी आभारसुद्धा. लग्नपत्रिकेत मामाचं नाव बारीक पडलं की रुसवे होतात, तीच धास्ती इथे.

"भाऊ, आता ते पाण्याचं वाक्य?"

"त्यात कोनाचं नाव हाय का? मंग जाड कायले करून राहिली?"

वैशालीत वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. तिने तसाच कागद छापला.

दुसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या भिंतीवर तो काळाभोर अहवाल लागला. पाण्याला आलेल्या शेजारच्या अंबाबाई थबकल्या.

"या एकाच ओळीनं काय पाप केलं वो? येवढीच बारीक!" म्हणत त्यांनी ती मोठ्याने वाचली.

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वैशालीच्या आईने ते ऐकत घागर भरली, आणि घरी जाऊन आधी चूल पेटवली.